वाइन म्हणजे नेमकं काय? नाशिकच्या बागेपासून हंगेरीच्या तळघरापर्यंत

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

 

आजचा विषय ऐकून काही जणी भुवया उंचावतील. ज्या गटांनी गावातला दारूचा गुत्ता बंद व्हावा म्हणून मोर्चे काढले, त्या गटांच्या कार्यक्रमात वाइनची माहिती कशाला? कारण अगदी साधं आहे. गेली काही वर्षं वाइन हा शब्द आपल्या कानावर सारखा येतोय. कुणी म्हणतं, वाइन म्हणजे दारू नव्हेच, द्राक्षाचा रस आहे. कुणी म्हणतं, हृदयाला चांगली असते. कुणी गटाला सांगतं, वाइनची द्राक्षं लावा, सोनं होईल. आणि कुणी म्हणतं, नावसुद्धा काढू नका. यातलं खरं किती आणि खोटं किती, हे आपल्याला ठाऊक नसेल तर समोरचा म्हणेल त्याला मान डोलवावी लागते. म्हणून आज वाइन म्हणजे काय, ती कशी होते, तिचे प्रकार कोणते आणि बाई म्हणून, शेतकरी म्हणून आपला तिच्याशी काय संबंध, हे बघू.

पाटीवरची वाइन आणि खरी वाइन

पहिला घोळ पाटीपासूनच सुरू होतो. जळगाव असो, धुळे असो, बाजारपेठेत 'वाइन शॉप' अशी पाटी दिसते. आत व्हिस्की, रम, ब्रँडी, बिअर असं सगळं विकायला असतं. त्यामुळे आपल्याकडे सगळ्याच विलायती दारूला वाइन म्हणायची सवय लागली. खरी वाइन त्या दुकानातल्या एखाद्याच फळीवर असते.

खरी वाइन म्हणजे फळाचा रस आंबवून केलेलं मद्य. जगभर मुख्यतः द्राक्षांची वाइन करतात. नुसतं 'वाइन' म्हटलं तर ती द्राक्षाचीच समजायची. दुसऱ्या फळाची असेल तर फळाचं नाव पुढे लावतात.

आंबवणं आपल्याला नवीन नाही. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालून त्याचा चीक काढणं, बिबड्यांसाठी ज्वारी भिजत घालणं, हे आपल्या खान्देशातल्या प्रत्येक घरात उन्हाळ्यात चालतं. त्या आंबण्यात मुख्यतः आंबटपणा आणणारे जिवाणू काम करतात. वाइनमध्ये काम करतं ते यीस्ट, म्हणजे पाव फुगवणारं खमीर असतं त्याच्या जातीतलं. यीस्ट रसातली साखर खातं. त्यातून दोन गोष्टी तयार होतात, एक अल्कोहोल आणि दुसरा कार्बन डायऑक्साइड वायू. वायू बुडबुड्यांनी निघून जातो, अल्कोहोल रसात राहतं. एक लिटर रसातल्या साधारण १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल होतं. म्हणजे द्राक्ष जितकं गोड, तितकी वाइन कडक होऊ शकते.

आता फरक लक्षात घ्या. वाइन नुसती आंबवतात, तिची वाफ काढत नाहीत. हातभट्टी, देशी, व्हिस्की, ब्रँडी या दारूंमध्ये आंबवलेलं द्रावण तापवून त्याची वाफ धरतात आणि ती थंड करून उतरवतात. सातपुड्याच्या पट्ट्यात मोहाच्या फुलांची दारू काढतात तीही अशीच. वाफ काढल्यामुळे अल्कोहोल दाट होतं. म्हणून वाइनमध्ये अल्कोहोल साधारण ११ ते १४ टक्के असतं आणि देशी दारूत सुमारे ४३ टक्के.

'दारू नव्हे' म्हणणाऱ्यांसाठी एक हिशोब

मग वाइन हलकी झाली ना? टक्केवारी हलकी आहे. पण माणूस टक्के पीत नाही, बाटली पितो. आपण गटात व्याजाचा हिशोब करतो तसा हाही करून बघू.

वाइनची बाटली ७५० मिलिलिटरची असते. साडेबारा टक्के धरले तर तिच्यात सुमारे ९४ मिलिलिटर निव्वळ अल्कोहोल आहे. देशीची १८० मिलिलिटरची क्वार्टर घ्या. ४३ टक्क्यांनी तिच्यात सुमारे ७७ मिलिलिटर अल्कोहोल होतं. म्हणजे वाइनची अख्खी बाटली रिचवणाऱ्याच्या पोटात एका क्वार्टरपेक्षा जास्त अल्कोहोल जातं. वाइनचे १५० मिलिलिटरचे दोन ग्लास म्हणजे देशीची एक 'नव्वद', जवळजवळ बरोबर.

हा हिशोब लक्षात ठेवा. 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असं कुणी म्हटलं तर भांडायची गरज नाही, हा हिशोब मांडायचा. वाइन हे शेतीतून आलेलं उत्पादन आहे, हे खरं. वाइन हे मद्य आहे, हेही तितकंच खरं. एक सांगताना दुसरं झाकायचं नाही.

आपल्या शेजारचं वाइनचं गाव

वाइन बघायला परदेशी जायला नको. आपल्यातल्या कितीतरी जणी चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जातात. गडावरून नाशिककडे उतरलात की वणी–दिंडोरीचा रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना द्राक्षबागाच बागा. चैत्रात त्या उघड्याबोडक्या दिसतात, कारण तेव्हा खरड छाटणी झालेली असते. बाग वर्षातून दोनदा छाटतात. उन्हाळ्यात खरड छाटणी, ती काडी तयार होण्यासाठी. पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, ती फळासाठी. फळ जानेवारी ते मार्चमध्ये उतरतं. युरोपात थंडीत वेल झोपतो आणि वर्षातून एकच छाटणी होते. आपल्या उष्ण हवेत वेल झोपतच नाही, म्हणून आपल्या शेतकऱ्यांनी ही दोन छाटण्यांची पद्धत बसवली.

महाराष्ट्रात आधुनिक वाइनचा पहिला मोठा कारखाना १९८०च्या दशकात पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला शाम चौगुले यांनी उभा केला. त्याचं नाव शातो इंडाज. तिथली बुडबुड्यांची वाइन 'ओमर खय्याम' या नावाने परदेशातही विकली गेली. पुढे नाशिकजवळ राजीव सामंत यांनी सुला हा कारखाना काढला. परदेशातली नोकरी सोडून ते घरच्या जमिनीवर आले होते. २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. राज्यातल्या द्राक्षांपासून केलेल्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि निफाड तालुक्यातल्या विंचूरला आणि सांगली जिल्ह्यातल्या पलूसला वाइन पार्क झाले. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूज भागात फ्रातेली नावाचा कारखाना इटलीच्या लोकांच्या भागीदारीत उभा राहिला.

आपल्या जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, तसंच 'नाशिक व्हॅली वाइन' या नावालाही आहे. म्हणजे त्या भागातल्या वाइनलाच ते नाव लावता येतं. दुसरीकडच्या वाइनवर ते छापता येत नाही.

खायची द्राक्षं वेगळी, वाइनची वेगळी

आपण बाजारातून आणतो ती थॉम्पसन, सोनाका, शरद ही द्राक्षं बिनबियांची, पातळ सालीची, मोठ्या मण्यांची असतात. वाइनची द्राक्षं मण्याने लहान, बियांची आणि जाड सालीची. ती तोंडात टाकली तर गोड लागतात, पण साल आणि बीच जास्त. खायला कुणी घेणार नाही.

पांढऱ्या वाइनसाठी नाशिककडे मुख्यतः शेनिन ब्लां आणि सोव्हिनॉन ब्लां या जाती लावतात. लाल वाइनसाठी शिराझ आणि कॅबरनेट सोव्हिनॉन. झिनफंडेल नावाच्या काळ्या जातीपासून गुलाबी वाइनही करतात. मूळ जाती बहुतेक फ्रान्सकडच्या, म्हणून नावं अशी जिभेला वळण देणारी. गोडी ब्रिक्स नावाच्या मापात मोजतात. वाइनचं द्राक्ष साधारण २१ ते २४ ब्रिक्सला तोडतात. शेतकऱ्याचा भावही बऱ्याचदा या ब्रिक्सवरच ठरतो.

वाइनचे पाच मुख्य प्रकार

दुकानात शेकडो बाटल्या असल्या तरी मुळात पाच प्रकार समजले की पुरे.

पहिली पांढरी वाइन. नाव पांढरी, रंग फिका पिवळसर. यात द्राक्ष दाबून आधी रस वेगळा काढतात, साल आणि बी बाजूला करतात आणि नुसता रस आंबवतात. टाक्या स्टीलच्या, बाहेरून थंड केलेल्या. आंबणं सावकाश झालं की फळाचा वास टिकतो. चव आंबटसर आणि हलकी.

दुसरी लाल वाइन. आपल्याला वाटतं लाल द्राक्षाचा रस लाल असतो. पण बहुतेक काळी द्राक्षं चिरून बघा, आतला गर पांढुरकाच असतो. रंग असतो सालीत. म्हणून लाल वाइन करताना रस सालीसकट आंबवतात. आंबता आंबता रंग रसात उतरतो, आणि सालीचा, बीचा तुरटपणाही. जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी ओढल्यासारखी होते, तसा हा तुरटपणा. म्हणून लाल वाइन जड लागते. काही लाल वाइन ओक नावाच्या लाकडाच्या पिंपात काही महिने मुरवतात. लाकडाचा वास तिला लागतो. लोणचं बरणीत मुरतं तसं हे मुरणं, फक्त बरणी चिनी मातीची आणि पिंप लाकडाचं.

तिसरी गुलाबी, तिला रोझे म्हणतात. काळ्या द्राक्षाची साल रसात थोडेच तास ठेवतात आणि काढून घेतात. रंग गुलाबीवर थांबतो. लाल आणि पांढरी एकत्र ओतून गुलाबी होते असं बऱ्याच जणींना वाटतं. साधारणपणे ती तशी करत नाहीत.

चौथी बुडबुड्यांची वाइन. एकदा वाइन तयार झाली की तिच्यात थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटलीचं तोंड घट्ट बंद करतात. बाटलीत पुन्हा आंबणं सुरू होतं, वायूला बाहेर जायला वाट नसते, तो वाइनमध्येच विरघळून राहतो. बूच उघडलं की फसफसून बाहेर येतो. क्रिकेटचा सामना जिंकल्यावर खेळाडू एकमेकांवर उडवतात ती हीच. सगळे तिला शॅम्पेन म्हणतात, पण शॅम्पेन हे फ्रान्समधल्या एका प्रदेशाचं नाव आहे. तिथे बनलेलीलाच ते नाव लावता येतं. हाही भौगोलिक मानांकनासारखाच प्रकार.

पाचवी गोड वाइन. पहिल्या चार प्रकारांत बहुतेक सगळी साखर यीस्टने खाऊन टाकलेली असते. अशी गोडी न उरलेली वाइन म्हणजे 'ड्राय' वाइन. ड्राय म्हणजे कोरडी नव्हे, बिनगोडीची. पहिल्यांदा चाखणारी बाई तोंड वेडंवाकडं करते ते यामुळेच. तिला द्राक्षाच्या रसाची अपेक्षा असते आणि मिळतं आंबट-तुरट काहीतरी. गोड वाइनमध्ये मात्र साखर शिल्लक ठेवतात. ती कशी ठेवायची, याच्या दोन-तीन युक्त्या आहेत. आंबणं मध्येच गार करून थांबवायचं, ही एक. दुसरी म्हणजे वरून ब्रँडीसारखं कडक मद्य घालायचं, की यीस्ट मरतं आणि साखर तशीच राहते. पोर्ट नावाची वाइन मुळात पोर्तुगालमध्ये अशी करतात. तिसरी युक्ती म्हणजे द्राक्ष उशिरा तोडायचं. वेलावर जास्त दिवस राहिलं की पाणी उडतं, मणी सुकतो, गोडी दाट होते. इतकी साखर यीस्टला संपवताच येत नाही. नाशिकला शेनिन ब्लां द्राक्षापासून अशी 'लेट हार्वेस्ट' वाइन करतात.

हंगेरीची कापूस वेचणी

गोड वाइनचा विषय निघाला की जगात ज्या देशाचं नाव आदराने घेतात तो म्हणजे हंगेरी. मध्य युरोपातला हा देश, समुद्र नाही, शेती मात्र भरपूर. आपण वापरतो ती लाल तिखट पावडर तिथे पाप्रिका म्हणून रोजच्या जेवणात असते, एवढी ओळख पुरे.

हंगेरीच्या ईशान्येला तोकाय नावाचा डोंगराळ भाग आहे. बोद्रोग आणि तिसा या दोन नद्या तिथे मिळतात. शरद ऋतूत नद्यांवरून सकाळी धुकं येतं आणि दुपारी ऊन पडतं. या हवेत द्राक्षांवर एक विशिष्ट बुरशी धरते. आपल्याकडे बुरशी म्हटलं की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. भुरी आली, केवडा आला की औषध फवारत रात्र काढावी लागते. पण तोकायमधली ही बुरशी मण्याच्या सालीला बारीक भोकं पाडते, पाणी उडून जातं आणि मणी मनुक्यासारखा सुकतो. गोडी दाट होते, वास मधासारखा होतो. हीच बुरशी दमट पावसाळी हवेत आली तर तिथेही घड सडवते. सगळा खेळ धुकं आणि उन्हाच्या जोडीचा आहे.

अडचण अशी की एका घडातले सगळे मणी एकदम सुकत नाहीत. म्हणून मजूर हाताने एकेक सुकलेला मणी वेचतात. पुन्हा काही दिवसांनी त्याच बागेत फेरी मारतात. आपण कापसाची पहिली, दुसरी, तिसरी वेचणी करतो ना, तसंच. फक्त इथे बोंडाऐवजी एकेक मणी. हे मणी पूर्वी पाठीवरच्या लाकडी टोपलीत गोळा करायचे. त्या टोपलीला पुत्तोन्य म्हणतात. टोपलीत साधारण २५ किलो मणी मावत. १३६ लिटरच्या पिंपाला किती टोपल्या मणी घातले त्यावरून वाइनची गोडी सांगत. तीन टोपल्यांची, पाच टोपल्यांची, सहा टोपल्यांची. आपल्याकडे 'पायलीभर धान्य' म्हणतात तसं हे माप गावाच्या कामातून आलेलं आहे. या वाइनचं नाव तोकायी असू. फुर्मिंट ही तिथली मुख्य द्राक्षजात. तिच्यापासून बिनगोडीची पांढरी वाइनही करतात.

तोकायच्या बागांची हद्द १७३७ मध्येच राजाच्या हुकमाने आखून दिली होती. कुठल्या गावांची वाइन तोकाय म्हणायची ते तेव्हाच ठरलं. २००२ मध्ये हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. तोकायच्या वाइनचा उल्लेख हंगेरीच्या राष्ट्रगीतातही आहे.

हंगेरीची दुसरी प्रसिद्ध वाइन लाल. एगेर नावाच्या गावची. तिचं नाव बिकावेर, म्हणजे बैलाचं रक्त. एकाच जातीची नाही, तर अनेक काळ्या द्राक्षजाती मिसळून केलेली. नावामागे दंतकथा आहे. १५५२ मध्ये तुर्की सैन्याने एगेरच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्ल्यातले सैनिक लाल वाइन पीत लढत होते, दाढ्यांवर लाल ओघळ होते. तुर्कांना वाटलं, हे बैलाचं रक्त पितात. ही झाली गोष्ट. खरी नोंद अशी की तो वेढा किल्ल्याने परतवला आणि त्या लढाईत एगेरच्या बायका तटावर उभ्या राहून लढल्या. त्यांचं चित्र हंगेरीत फार मानाचं मानलं जातं. मला विचाराल तर वाइनपेक्षा त्या बायकाच मला जास्त लक्षात राहिल्या.

हंगेरीचं एवढं सांगितलं त्यात आपल्या कामाचा मुद्दा आहे. वाइनला किंमत येते ती जागेमुळे, हाताच्या कामामुळे आणि नाव जपल्यामुळे. आणि ते नाव जपायला तिथे पिढ्यान्‌पिढ्या लागल्या. वर्षा-दोन वर्षांत होणारा हा धंदा नाही.

द्राक्ष लावायचं का?

आता शेतकरी म्हणून बोलू. २००१च्या धोरणानंतर नाशिक भागात अनेकांनी वाइनची द्राक्षं लावली. कारखाने वाढत होते, भाव बरा होता. २००८-०९ मध्ये जगभर मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. वाइन पडून राहिली आणि कारखान्यांनी द्राक्ष उचलणं कमी केलं. नारायणगावचा तो मोठा कारखानाही कर्जात बुडाला. शेतकऱ्यांपुढे प्रश्न उभा राहिला की हा माल विकायचा कुठे? खायचं द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाही घेतलं तर दुसरा घेतो, नाहीच तर बेदाणा होतो. वाइनचं द्राक्ष लहान, बियांचं. ना बाजारात चालतं, ना त्याचा बेदाणा होतो. कित्येकांनी बागा उपटून टाकल्या.

म्हणून कुणी गटाला किंवा घरातल्या कारभाऱ्याला वाइनच्या द्राक्षाची योजना सांगितली तर चार प्रश्न विचारा. घेणारा कारखाना कोणता आणि किती लांब? करार कागदावर आहे का, किती वर्षांचा? ब्रिक्स कमी भरलं तर भाव किती कापणार आणि मोजणार कोण? कारखान्याने माल नाकारला तर काय? तोंडी उत्तरावर मांडव उभा करू नका. द्राक्षाचा मांडव, ठिबक, कलमं हा एकदाच होणारा पण मोठा खर्च आहे आणि तो बहुधा कर्जाने होतो.

वाइन गटाने घरी करावी का, हाही प्रश्न येतो. केळी आपल्याकडे मुबलक, जांभूळ, बोरं, मोहाची फुलं आहेत. साखर असलेल्या कुठल्याही फळाची वाइन होऊ शकते, हे शास्त्राने खरं. पण राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय मद्य करणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, मग ते विकायचं असो की घरी ठेवायचं. यूट्यूबवर बघून बरणीत प्रयोग करू नका. गटाला द्राक्षात उतरायचं असेल तर रस, मनुका, जॅम असे रस्ते आहेत. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. त्यांनी रसासाठी 'मांजरी मेडिका' नावाची गडद रंगाची जात काढली आहे. अभ्यास सहल काढायची असेल तर अशा ठिकाणी काढा.

औषध म्हणून? नाही

सगळ्यात महत्त्वाचं आता. लाल वाइन हृदयाला चांगली, हे वाक्य खूप पसरलंय. द्राक्षाच्या सालीत काही उपयोगी घटक असतात, पण ते द्राक्ष खाऊनही मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्यात बायकांच्या स्तनाचा कर्करोगही येतो. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं, त्यामुळे तेवढंच मद्य तिच्या रक्तात जास्त दाट होतं. गरोदरपणात तर एक घोटही नको, तो थेट बाळापर्यंत जातो.

काही घरांत सर्दी झाली की लहान बाळाला ब्रँडीचे थेंब देतात, बाळंतिणीला अंगात ऊब यावी म्हणून पोर्ट वाइन देतात. सासूबाई प्रेमानेच सांगतात, हेतू वाईट नसतो. पण बाळाला मद्याचा एक थेंबही देऊ नका. बाळंतिणीला ऊब हवी तर डिंकाचे लाडू आहेत, अळीव आहेत, बाजरीची भाकरी आणि तूप आहे. आशाताईंना विचारा, त्याही हेच सांगतील.

बाटली हातात आलीच तर लेबल वाचा. द्राक्षाची जात, वर्ष, बनवणारा कारखाना आणि अल्कोहोलचा टक्का त्यावर छापलेला असतो. मद्य आरोग्याला हानिकारक असल्याचा इशाराही छापणं कायद्याने बंधनकारक आहे. जी वस्तू 'नुसता रस' आहे, तिच्यावर असा इशारा कशाला छापला असता?

निर्णय आपला

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत, सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. सरकारचं म्हणणं, द्राक्ष शेतकऱ्याला बाजार मिळेल. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं, किराणा घ्यायला येणाऱ्या पोरांसमोर मद्य येईल. राज्यभर चर्चा झाली, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि तो निर्णय अंमलात आला नाही. असा विषय पुन्हा येईल. तेव्हा ग्रामसभेत बायकांनी गप्प बसू नये.

गावातलं दारूचं दुकान बंद करायचा अधिकारही आपल्याला आहेच. गावातल्या महिला मतदारांपैकी २५ टक्के जणींनी सह्यांचा अर्ज दिला की पडताळणी होऊन मतदान घेतलं जातं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. लक्षात घ्या, आलेल्या मतांच्या निम्मे नव्हे, यादीतल्या सगळ्या बायकांच्या निम्म्याहून जास्त. म्हणून त्या दिवशी शेतावर गेलेली, माहेरी गेलेली प्रत्येक बाई मोजली जाते. एगेरच्या बायका तटावर उभ्या राहिल्या, आपल्याला फक्त रांगेत उभं राहायचंय.

आता येत्या बैठकीत एक काम करा. हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा आणि मघाचा हिशोब फळ्यावर मांडा. ७५० मिलिलिटरची वाइन आणि १८० मिलिलिटरची क्वार्टर, कुणात अल्कोहोल किती. मग विचारा, आपल्या गावात कुणाकुणाला वाइनच्या द्राक्षाची किंवा वाइनच्या औषधी गुणाची गोष्ट सांगितली गेली आहे. काय काय निघतं ते लिहून ठेवा आणि आमच्याकडे पाठवा. पुढच्या भागात तुमच्या प्रश्नांची उत्तरं घेऊ.

तोवर मैत्रिणींनो, नमस्कार.